हरभऱ्यातील रोही आणि काडतुसाची निवड : वाशीम जिल्ह्यातील एक प्रकरण

कारंजा तालुक्यातील एका शिवारात हरभऱ्याचे सतत नुकसान करणाऱ्या रोह्यांपैकी (नीलगायींपैकी) दोन नर मारण्याची लेखी परवानगी वनविभागाने एका शस्त्र परवानाधारक शेतकऱ्याला दिली. त्यानंतर हे काम कोणत्या बंदुकीने, कोणत्या काडतुसाने आणि त्यातही कोणत्या गोळीने करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. अर्जदाराच्या स्वतःच्या घरी .३१५ बोअरची देशी रायफल होती. त्याच्या मोठ्या भावाकडे बारा बोअरची दुनळी होती. शेजारच्या गावातील एका परवानाधारकाकडे दुर्बीण बसवलेली .३०-०६ रायफल होती आणि तो स्वतः येऊन मदत करण्यास तयार होता. सल्ल्यासाठी मला बोलावण्यात आले. या तीन शस्त्रांची तुलना, जागेची पाहणी, गोळ्यांची चाचणी आणि शेवटी जे घडले ते या टिपणात क्रमाने नोंदवले आहे.

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हता. त्याच शिवारात आदल्या हंगामात दुसऱ्या एका परवानाधारकाने अशाच परवानगीखाली एका मोठ्या नरावर बारा बोअरमधून एल. जी. म्हणजे मोठ्या छऱ्यांचे काडतूस झाडले होते. अंतर चाळीस-पन्नास पावलांचे असावे. जनावर जागेवर बसले, उठले आणि तुरीत शिरून दिसेनासे झाले. तिसऱ्या दिवशी ते नाल्यात जिवंत सापडले, तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या जखमा चिघळलेल्या होत्या आणि छर्रे हाडापर्यंत पोचून तिथेच अडकले होते. पिकाचे रक्षण करण्याचा अधिकार शेतकऱ्याला असला, तरी तीन दिवस तडफडणाऱ्या जनावराचे समर्थन त्या अधिकारातून होत नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. नव्या अर्जदारालाही तेच वाटत होते, म्हणूनच त्याने परवानगी हाती आल्यावर लगेच मचाण न बांधता आधी विचारपूस सुरू केली.

कायद्याची चौकट

बंदूक आणि काडतूस यांची चर्चा कायद्याच्या चौकटीबाहेर करता येत नाही, म्हणून ती चौकट आधी सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्या देशात छंद म्हणून शिकार करण्यास वाव नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये मात्र माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या ठरावीक अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी, कारणे नमूद करून, लेखी आदेशाने देता येते. रोही आणि रानडुक्कर हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहेत आणि त्यांच्याबाबत पिकाच्या नुकसानीचे कारण ग्राह्य धरले जाते. काळवीट आणि चिंकारा अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांनी कितीही पीक खाल्ले तरी त्या कारणासाठी त्यांना मारण्याची परवानगी मिळू शकत नाही, आणि विनापरवाना मारल्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. कारंजा तालुक्यात हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही, कारण कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेले अभयारण्य याच तालुक्यात आहे आणि काळविटांचे कळप आसपासच्या वावरांतून सर्रास फिरतात. मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे असते, त्यामुळे मांस, कातडे किंवा शिंगे घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गोळीची निवड करताना मांस वाया जाण्याचा जो विचार परदेशी शिकारी करतात, तो आपल्याकडे त्यामुळे आपोआप बाद होतो आणि जनावर लवकरात लवकर मरावे एवढी एकच कसोटी उरते.

शस्त्रांच्या बाबतीतही कायद्याने पर्याय आधीच कमी केले आहेत. .३०३ ही लष्करी जात (म्हणजे त्या मापाचे काडतूस आणि त्याची रायफल) इंग्रजांच्या काळापासून सामान्य माणसाला मना होती. .३१५ ची रायफल हिंदुस्थानात रुजली ती त्यामुळेच, कारण ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर बेतलेली ही जात लष्कराच्या काडतुसापेक्षा वेगळी होती. पुढे इशापूरच्या रायफल कारखान्याने तिचे उत्पादन केले आणि तिची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली. विदर्भात परवान्यावरची रायफल म्हटली की बहुधा हीच निघते. .३०-०६ ही जातही परवान्यावर बाळगता येते, पण तिची चांगली काडतुसे बहुतेक परदेशी असतात आणि ती महाग पडतात.

जनावर

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी ती कुरंगवर्गातली (अँटिलोप), आशियातील सर्वांत मोठी. पूर्ण वाढलेला नर दोनशे ते अडीचशे किलोचा असतो आणि काही त्याहूनही वजनदार भरतात. खांद्याशी त्याची उंची १२० ते १५० सेंटिमीटर असते. काळवीट तीस-चाळीस किलोचे असते हे लक्षात घेतले, म्हणजे कुरंगाच्या शिकारीबद्दल जे सर्वसाधारण सल्ले पुस्तकांत आढळतात ते रोह्याला का लागू पडत नाहीत हे कळते. अमेरिकेतील प्राँगहॉर्न या पन्नास किलोच्या चपळ, उघड्या माळावरच्या जनावरासाठी हलकी, वेगवान, सपाट मार्गाने जाणारी गोळी सुचवली जाते आणि ती तिथे योग्यच असते. रोह्याच्या नराची मानेची व छातीची कातडी जाड असते, खांद्याचे हाड भक्कम असते आणि त्यामागे खोल छाती असते. १९२० च्या दशकापासून टेक्सासच्या दक्षिण भागात आणून सोडलेल्या रोह्यांची तिथे मोठी संख्या झाली. हरणांसाठी पुरेशी असलेली काडतुसे या जनावराला कमी पडतात, हा तिथल्या शिकाऱ्यांचा अनुभव सर्वपरिचित आहे, आणि म्हणूनच ते .३०० मॅग्नमपासून .३७५ पर्यंतच्या जाती वापरताना दिसतात.

शरीररचनेची एक गोष्ट नेमबाजाला हमखास फसवते. रोह्याचा खांदा उंच आणि मागचा भाग उतरता असतो. खांद्यावरचा उंचवटा हा मणक्यांच्या लांब काट्यांमुळे झालेला असतो, त्यात फुप्फुस नसते. शरीराच्या बाह्यरेषेचा मध्य धरून नेम घेतला तर गोळी अनेकदा मणक्याच्या वर किंवा फुप्फुसाच्या वरच्या कडेला लागते, जनावर क्षणभर कोसळते आणि पुन्हा उठून निघून जाते. हृदय छातीच्या खालच्या भागात, पुढच्या पायाच्या रेषेत असते. म्हणून जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून वर जावे आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबावे, हा नेम बरोबर ठरतो. आदल्या वर्षीच्या जखमी नराच्या अंगावरील छऱ्यांच्या खुणा खांद्याच्या वरच्या अर्ध्या भागात होत्या, म्हणजे तिथे काडतुसाबरोबर नेमाचीही चूक झाली होती. बरोबर नेम घेतला असता तर एल. जी. पुरेसे झाले असते काय, याचे माझे उत्तर तरीही नाही असेच आहे, आणि त्याचे कारण पुढे येते.

बारा बोअरचा विचार

मोठ्या भावाचा आग्रह दुनळीसाठी होता. ती त्याच्या हातात बसलेली होती, काडतुसे सहज मिळत होती आणि रायफलीची गोळी दूरवर जाते तशी छऱ्यांची जात नाही, हा त्याचा मुद्दा खरा होता. परंतु एल. जी. च्या काडतुसात साधारण सहा मोठे छर्रे असतात आणि प्रत्येकाचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास असते. नळीतून निघताना अशा एका छऱ्याची ऊर्जा सुमारे सव्वातीनशे ज्यूल भरते. गोल शिसे हवेत लवकर मंदावते आणि चाळीस मीटरवर छर्रे इतके फाकतात की त्यातील दोन-तीनच जनावराच्या छातीवर लागण्याची शक्यता असते. रानडुकरावर पंधरा-वीस पावलांवरून हे काडतूस काम करते. रोह्याच्या नराच्या खांद्यावर ते काम करत नाही, कारण सहा दुबळ्या जखमांची बेरीज एका खोल जखमेइतकी होत नाही.

त्याच दुनळीतून एकच जड शिशाची गोळी असलेले स्लग काडतूस वापरण्याची शक्यता आम्ही गांभीर्याने तपासली. २८ ग्रॅमची गोळी जवळून निश्चितच खोल जाते. मात्र या दुनळीला नेमासाठी नळीच्या टोकावरच्या मण्याखेरीज काहीच नव्हते आणि दोन नळ्यांच्या गोळ्या एका जागी लागत नव्हत्या. पन्नास मीटरवर डाव्या नळीची गोळी उजव्या नळीच्या गोळीपासून वीतभर दूर गेली. रोह्याचा मर्मभाग साधारण वीतभरच रुंद असताना हा फरक स्वीकारण्यासारखा नव्हता. भावाने स्वतःच दुनळी बाजूला ठेवली, आणि त्याच्या या निर्णयाचे मला कौतुक वाटले, कारण चाळीस वर्षांच्या सवयीचे हत्यार माणूस सहज सोडत नाही.

दोन रायफली, दोन गोळ्या

उरलेल्या दोन रायफलींत निवड करणे सर्वांत अवघड गेले, आणि या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे त्यातील बरेचसे इथेच आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगण्याची पद्धत आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. .३१५ च्या देशी काडतुसातील गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची, गोल टोकाची आणि टोकाला शिसे उघडे असलेली, ज्याला सॉफ्ट नोज म्हणतात तशी असते. ती सेकंदाला साधारण ६५० मीटर वेगाने निघते. .३०-०६ च्या मालकाकडे १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची टोकदार सॉफ्ट नोज गोळी होती आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ८८५ मीटर होता. कागदावर ऊर्जा मोजली तर .३१५ ची सुमारे ३,३०० ज्यूल आणि .३०-०६ ची सुमारे ३,८०० ज्यूल येते. हे आकडे पाहून शेजारच्या गावचा पाहुणा साहजिकच आपल्या रायफलीच्या बाजूने बोलू लागला, शिवाय त्याच्याकडे दुर्बीण होती.

ऊर्जेच्या आकड्यावरून काडतूस निवडणे ही सर्वत्र आढळणारी आणि अशा जनावराच्या बाबतीत घातक ठरणारी पद्धत आहे. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे हलकी पण वेगवान गोळी कागदावर नेहमी श्रीमंत दिसते. ती ऊर्जा शरीरात किती खोलवर पोचेल हे मात्र गोळीचे वजन, तिची जाडी आणि तिची बांधणी यांवर ठरते. पौंडांतल्या वजनाला इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागून जो अंक मिळतो, ज्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात, तो २४४ ग्रेनच्या गोळीचा सुमारे ०.३३ आहे आणि .३०-०६ च्या १५० ग्रेन गोळीचा ०.२३ च्या आत आहे. दुसरा मुद्दा बांधणीचा. साध्या सॉफ्ट नोज गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टन चढवलेले असते, पण दोन्ही एकमेकांना चिकटवलेले नसतात. अशी हलकी गोळी साठ मीटरवरून, वेग जवळपास तसाच कायम असताना, खांद्याच्या हाडावर आदळली तर वेष्टन आणि गाभा वेगळे होऊन तिचे तुकडे होण्याचा धोका असतो. दोनशे मीटरवर, वेग कमी झाल्यावर, हीच गोळी अधिक चांगली वागली असती. म्हणजे जी रायफल लांबच्या नेमासाठी उत्तम होती, तीच तिच्या त्या विशिष्ट गोळीमुळे जवळच्या नेमासाठी संशयास्पद ठरत होती.

हे तर्क तपासण्यासाठी दोन्ही रायफली परवानाप्राप्त नेमबाजी मैदानावर नेण्यात आल्या. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर पाण्यात भिजवून एकामागे एक घट्ट बांधले आणि पुढच्या बाजूला बाभळीच्या लाकडाची फळी लावली. भिजलेला कागद म्हणजे मांस नव्हे आणि बाभूळ म्हणजे हाड नव्हे, परंतु दोन गोळ्यांची आपसात तुलना करण्यासाठी ही सोय पुरेशी आहे. .३०-०६ च्या १५० ग्रेन गोळ्यांनी फळीमागे मोठी पोकळी केली, पण त्यांची वेष्टने गाभ्यापासून सुटून निघाली आणि तुकडे सुरुवातीच्या गठ्ठ्यांतच सापडले. .३१५ च्या गोळ्या छत्रीसारख्या उघडून, बऱ्याच अखंड राहून, त्यांच्या सुमारे दीडपट खोलवर गेल्या. पाहुण्याने सुटलेले वेष्टन हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि पुढे त्याचा आग्रह राहिला नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. .३०-०६ चे काडतूस यात कमी पडले नाही, कमी पडली ती गोळी. त्याच काडतुसात १८० ग्रेनची, गाभा व वेष्टन एकजीव केलेली बाँडेड गोळी, किंवा संपूर्ण तांब्याची गोळी मिळाली असती, तर दुर्बिणीसह ती रायफल मी पहिली निवडली असती. तशी काडतुसे परवानगीच्या मुदतीत मिळण्यासारखी नव्हती. संपूर्ण वेष्टनाची, न फुलणारी गोळी तर कोणत्याही रायफलीत वापरायची नाही हे आधीच ठरले होते, कारण ती बारीक छिद्र पाडून आरपार जाते, जनावर जखमी होऊन लांब पळते आणि गोळी पलीकडे काय आहे ते न पाहता पुढे जात राहते.

.३१५ ची मर्यादा तिच्या मार्गात आहे. शंभर मीटरवर नेम बसवला तर दीडशे मीटरवर गोळी सुमारे दहा सेंटिमीटर खाली लागते आणि दोनशे मीटरवर तीस सेंटिमीटर, म्हणजे नेम छातीवर धरला तर गोळी पायावर किंवा मातीत. दुर्बिणीशिवाय, खुल्या नेमाने, पहाटेच्या उजेडात, मी ऐंशी मीटरच्या पुढे या रायफलीने कोणालाही चाप ओढू देणार नाही. अर्जदाराने बसून, दस्ता खांद्यात आणि हात गुडघ्यावर टेकवून, साठ मीटरवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसवल्या, तेव्हा अंतराची मर्यादा साठ मीटर ठरली. त्याच्याकडील काही काडतुसे बरीच जुनी होती आणि एका डब्यातील काडतुसांच्या पितळेवर हिरवट डाग होते. तो डबा बाजूला काढण्यात आला. पावसाळ्यात दमट कोठीत राहिलेले काडतूस उशिरा पेटते किंवा पेटतच नाही, आणि उशिरा पेटलेल्या काडतुसाची गोळी नेम हलल्यावर सुटते.

शिवार आणि गोळीचा पुढचा प्रवास

आमचा सर्वांत जास्त वेळ जागेच्या निवडीत गेला आणि तो जायलाच हवा होता. .३०-०६ किंवा .३१५ ची गोळी वर सुटली तर तीन किलोमीटरहून अधिक जाऊ शकते. हे शिवार जवळपास सपाट आहे, एका बाजूला पांदण रस्ता आहे, दुसऱ्या बाजूला गावाची गायरान जमीन आहे आणि रब्बीच्या दिवसांत तिथे रात्रभर माणसे असतात. पोलीस पाटलांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, "भाऊ, जागलीवाले दिस निंगेलोक वावरातच रायतेत." माळ्यावर झोपलेला, झोपडीत शेकोटीपाशी बसलेला आणि पहाटे पांदणीने घरी निघालेला जागल्या हा या सर्व हिशेबातला पहिला माणूस मानला पाहिजे.

जमिनीवर बसून, नळी जमिनीपासून मीटरभर उंचीवर असताना, गोळी आडवी सुटली तर ती अडीचशे मीटरच्या आसपास जमिनीला टेकते आणि तीही इतक्या कमी कोनात की तिथून उसळून पुढे जाण्याचीच शक्यता अधिक. मचाणामुळे हे गणित बदलते. नळी जमिनीपासून चार मीटर उंच असेल आणि साठ मीटरवरील जनावराच्या छातीत, म्हणजे सुमारे एक मीटर उंचीवर, नेम असेल, तर गोळी साठ मीटरमध्ये तीन मीटर उतरते आणि आरपार गेली तरी जनावरामागे वीस मीटरवर जमिनीला लागते. हा कोनही तीन अंशांच्या जवळपासच असतो. मुरमाड किंवा हिवाळ्यात वाळून भेगाळलेल्या जमिनीवर इतक्या लहान कोनात गोळी उसळू शकते, म्हणून मचाण असले तरी मागे मातीची भिंत हवीच. मचाण म्हणजे सुरक्षितता, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे तो अर्धाच खरा आहे.

अशी भिंत शिवारात एकाच ठिकाणी होती. हरभऱ्याच्या वावराच्या उत्तरेला नाला आहे आणि त्याचा पलीकडचा काठ बरडाच्या बाजूने दोन-अडीच मीटर उभा चढतो. रोही पहाटे हरभऱ्यातून बरडाकडे परतताना नाल्याच्या अलीकडच्या काठाने चालतात, हे त्यांच्या लेंड्यांच्या ढिगांवरून आणि खुरांच्या वाटेवरून दिसत होते. मचाण या वाटेपासून पंचावन्न मीटरवर, दक्षिणेच्या धुऱ्यावरील कडुलिंबावर बांधले. नेमाची दिशा ठरवून दोन बाजूंना पांढऱ्या कापडाच्या खुंट्या रोवल्या आणि त्या दोन खुंट्यांच्या बाहेर जनावर कितीही जवळ आले तरी गोळी झाडायची नाही असे लेखी ठरवले. दवंडी देऊन त्या पहाटे नाल्यापलीकडे कोणी राहू नये असे कळवण्यात आले आणि जागलीवाल्यांची नावे घेऊन प्रत्येकाशी पोलीस पाटील स्वतः बोलले. कापूस वेचायला येणाऱ्या बायांनाही त्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत थांबायला सांगितले होते.

रात्री बॅटरीच्या झोतात मारण्याची सूचना आली होती, ती मी फेटाळली. झोतात डोळे चमकतात, पण जनावराचा मागचा काठ दिसत नाही, आणि विटकरी रंगाची रोही मादी, तिचे पिल्लू व काळवीट यांच्यातला फरकही अर्धवट प्रकाशात करता येत नाही. परवानगी फक्त नरांसाठी होती. पूर्ण वाढलेला नर निळसर राखाडी, गळ्याखाली केसांचा झुपका असलेला आणि आखूड शिंगांचा असतो, आणि तो नीट ओळखू येण्यापुरता उजेड झाल्याशिवाय बंदुकीत काडतूस भरायचे नव्हते.

घडले ते

पहिल्या पहाटे कळप आला, पण मोठा नर दोन माद्यांच्या मागे राहिला आणि .३१५ ची गोळी आरपार जाऊन दुसऱ्या जनावराला लागण्याची शक्यता असल्याने अर्जदाराने नेम धरूनही चाप ओढला नाही. नंतरच्या एका पहाटे तोच नर एकटा, खुंट्यांच्या आत, किंचित तिरका उभा राहिला. गोळी पुढच्या पायाच्या वर, छातीच्या खालच्या भागात लागली. जनावराने झेप घेतली, चाळीस-पन्नास मीटर धावले आणि नाल्याच्या काठापाशी कोसळले. अर्जदाराने आधी ठरल्याप्रमाणे लगेच खाली न उतरता दुसरे काडतूस भरून वाट पाहिली; दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही. सुरुवातीच्या वीस-एक मीटरमध्ये रक्ताचा माग जवळपास नव्हता. गोळी मर्मावर लागली असतानाही रोही असाच माग देते, आणि म्हणून नेम चुकला असे समजून कोणी शोध सोडून देऊ नये.

वनरक्षकासमोर पंचनामा झाला. गोळीने अलीकडच्या खांद्याचे हाड फोडले होते, हृदयाच्या वरून फुप्फुसे भेदली होती आणि ती पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली, फुललेल्या अवस्थेत सापडली. कातडी लवचिक असल्याने गोळीला शेवटच्या टप्प्यावर थोपवते, हे जाड कातडीच्या जनावरांत नेहमी दिसते. आपल्यासाठी याचा अर्थ असा की गोळीचे संपूर्ण काम शरीराच्या आत झाले आणि काठाच्या मातीपर्यंत काहीच गेले नाही. तरीही काठ नसता तर ही गोळी झाडू दिली नसती, कारण बरगड्यांमधून गेलेली हीच गोळी सहज पलीकडे निघाली असती.

शव खोल खड्डा करून पुरण्यात आले. याबाबत मी आग्रही होतो. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या सभोवती पसरतात आणि उघड्यावर टाकलेल्या शवातून ते गिधाडांच्या, कोल्ह्यांच्या व गावच्या कुत्र्यांच्या पोटात जातात. शिशाच्या विषबाधेमुळे कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे मरत गेली आणि तिथे शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर २०१९ पासून संपूर्ण बंदी आली. गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपली गिधाडे आधीच संपत आणली असताना उरलेल्यांपुढे शिसे टाकण्याचे काही कारण नाही.

दुसऱ्या नराची परवानगी वापरली गेली नाही. मुदतीत तो दोनदा दिसला, एकदा खुंट्यांच्या बाहेर आणि एकदा पांदणीवर बैलगाडी असताना. अर्जदाराने न वापरलेली काडतुसे नोंदवहीत परत चढवली आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात तसे लेखी कळवले. त्या कळपाने नंतरच्या आठवड्यांत वावर बदलले. एक नर मारल्याने शिवाराचे नुकसान थांबले असे मी म्हणणार नाही, आणि सौर कुंपणाचा अर्ज अर्जदाराने त्याच महिन्यात केला.

पुढील हंगामासाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. .३०-०६ च्या मालकाने १८० ग्रेनच्या बाँडेड गोळीची काडतुसे आपल्या परवान्याच्या मर्यादेत मागवावीत आणि ती हाती आल्यावर रायफल शंभर मीटरवर नव्याने जुळवावी, कारण १५० ग्रेनवर जुळवलेली दुर्बीण १८० ग्रेनच्या गोळीला त्याच जागी लावत नाही. .३१५ ची रायफल तशीच राहील, पण पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, पांढरा ठिपका लावून घेतला जाईल, कारण पहाटे राखाडी अंगावर काळी माशी दिसत नाही, ही अर्जदाराची तक्रार रास्त होती.